रायफलीचं नख

गोवर्धन अमझरे कुबडी टेकत दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आला, तेव्हा देवराव तायडे एका बारा बोरच्या बंदुकीच्या नळीत डोळा घालून बसले होते. एप्रिलचं ऊन होतं. अशा दुपारी अमरावतीत जी माणसं रस्त्यावर दिसतात ती एक तर पोटासाठी बाहेर पडलेली असतात, नाही तर हट्टासाठी. मोर्शीकडून दीड तास एसटीत हेलकावे खात, खांद्याला खोळीतली रायफल आणि बगलेत कुबडी घेऊन आलेला हा माणूस दुसऱ्या प्रकारातला होता.

"बसा भाऊ," देवराव म्हणाले आणि टेबलावरच्या पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं.

गोवर्धन बसला. डावा पाय गुडघ्यात वळत नव्हता, तो त्याने दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवला. फेब्रुवारीत हरभऱ्यात शिरलेल्या रानडुकराने हा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत फाडला होता. डॉक्टरांनी पाय वाचवला म्हणतात. वाचवला म्हणजे अंगाला लागून राहू दिला, एवढंच.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने रायफल खोळीतून काढून टेबलावर आडवी ठेवली.

"नख तुटलं हाय हिचं. पंचनाम्यापासून ठाण्यात पडून होती, परवा सोडवली. नवं बसवून द्या. अन् जुनं कोणं तोडलं, तेवढं सांगा."

"कोणं तोडलं म्हणजे?"

"पोरगं म्हणते, मी तोडलं. डुकराच्या आठ दिवस आधी त्यानं बारा बोरवानी काडतूस हातानं नळीत टाकलं अन् वरून बोल्ट ठोकला. मले दवाखान्यात त्यानंच सांगतलं. मी त्याले म्हटलं, तू मले तोंड दाखवू नको. गेला अकोल्याले, तवापासून घरी नाई आला." गोवर्धनने घाम पुसला. "आता अक्षय तृतीयेले त्याचं लग्न हाय. मी जाणार नाई म्हटलं. त्याची माय म्हणते, एका वेळनं लोखंड तुटते का? देवरावभाऊले विचारा. तुटते म्हणतीन तर बसा घरी, नाई म्हणतीन तर मांडवात चाला. म्हणून आलो. तुमी सांगसान ते खरं."

देवरावांनी रायफल आपल्याकडे ओढली. चौतीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात आणि निवृत्तीनंतर नऊ वर्षं या दुकानात, एवढा काळ बंदुका खोलणाऱ्या माणसाकडे लोक नाना तक्रारी आणतात. कुणाच्या मुलाचं लग्न आजवर कुणी आणलं नव्हतं.

ही रायफल त्यांना चांगली ठाऊक होती. गोवर्धनच्या आजाने घेतलेली, लांब काडतुसांची. पुढे ती काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हा गोवर्धनच्या बापाने रीतसर परवानगी काढून नळी बदलून घेतली आणि रायफल आखूड काडतुसांची झाली. काडतुसं भरायची पेटी मात्र जुनीच राहिली, लांबच्या लांब. मोठ्या माणसाच्या वहाणेत पोराचा पाय घातल्यावर जे होतं तेच तिथे व्हायचं. तीन-चार आखूड काडतुसं एकदम भरली की ती पेटीत मागेपुढे सरकायची, नाक खाली घालायची आणि ऐन वेळी अडकून बसायची. म्हणून देवरावांनी पेटीत एक सागवानी ठोकळा बसवून दिला होता आणि नेम घालून दिला होता, की एका वेळी एकच काडतूस.

तेही कसं, तर अंगठ्याने पेटीत दाबून. या जातीच्या रायफलीत काडतूस खालून वर येतं आणि येता येताच नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टचं पोलादी नख त्याची कड पकडतं. ते नखच काडतूस आत नेतं आणि गोळी सुटली की रिकामं टरफल ओढून बाहेर फेकतं. ते तुटलं की टरफल नळीतच राहतं आणि दुसरी गोळी भरता येत नाही; डुकरासमोर गोवर्धनचं तेच झालं होतं. पण कुणी काडतूस थेट नळीत टाकलं आणि बोल्ट पुढे रेटला, तर नखाला त्या कडेवरून उडी मारावी लागते. ते उडीसाठी घडवलेलंच नसतं. एखादे वेळी निभावतं, एखादे वेळी त्याला तडा जातो. वऱ्हाडात ज्याच्या त्याच्या हाताला सवय बारा बोरची. बंदूक मधोमध मोडा, काडतूस टाका, मिटा. तोच हात रायफलीवर चालला की नखाचं मरण. देवराव प्रत्येक गिऱ्हाइकाला दम भरत, "नळीत हात घालसान तर माह्या दुकानात पाय ठेवू नका." एका सभापतीला त्यांनी याच चुकीपायी पायरीवरून परत लावलं होतं आणि ही गोष्ट ते वर्षातून चार वेळा तरी सांगत.

त्यांनी बोल्ट काढला. नखाचं टोक उडालेलं होतं. भिंगाखाली धरल्यावर तुटल्या जागेची कड पांढरट दिसली, ती शेवटच्या दणक्याची. आतला मोठा भाग काळा, म्हणजे तडा जुना. एवढ्यावरून मुलाचं आठ दिवसांचं सांगणं खोटं ठरत नव्हतं. पण त्या काळ्यात, अगदी तळाशी, लाल रेघ होती.

देवरावांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. रेघ होतीच. ती लाल पॉलिशची भुकटी त्यांच्या दुकानातली होती. शस्त्रागारात असल्यापासून ते ती स्वतः कालवत, बाकी कुणाकडे ती नव्हती. रायफल दुकानात पॉलिशला आली होती एकदाच, डिसेंबरात. म्हणजे पॉलिश करते वेळी तडा पडलेला होता.

आणि तो कसा पडला, हेही त्यांना लख्ख आठवलं. खरं म्हणजे ते विसरले कधी होते?

विधानसभेची निवडणूक झाली आणि ठाण्यात जमा केलेल्या बंदुका लोकांना परत मिळाल्या. महिना-दीड महिना कोंदट खोलीत पडून गंजलेल्या. पंधरा दिवसांत तीसेक बंदुका दुकानात आल्या आणि प्रत्येकाला आपली उद्याच हवी होती. त्याच महिन्यात देवरावांच्या बायकोचं, ललिताबाईंचं, डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन सकाळी दवाखाना, दुपारी दुकान, संध्याकाळी घरचा स्वयंपाक. गोवर्धनची रायफल हातात आली तेव्हा पेटीची स्प्रिंग आणि ठोकळा तेलात बुडवून ठेवलेले होते. बोल्ट नीट मिटतो का, एवढंच पाहायचं होतं. त्यासाठी स्प्रिंग पुसा, ठोकळा बसवा, पेटी जोडा. देवरावांनी समोरचं बिनदारूचं काडतूस उचललं, थेट नळीत टाकलं आणि बोल्ट रेटला. तो अडला. त्यांनी तळहाताने ठोसा दिला. चट्ट असा बारीक आवाज आला.

आवाज त्यांनी ऐकला होता. भिंग वीतभर अंतरावर होतं. त्यांनी डोळे बारीक करून वरवर पाहिलं, नख जागेवर दिसलं, त्यांनी बोल्टला पॉलिश मारलं आणि चिठ्ठीवर 'ठीक' असं लिहिलं. जन्मभर ज्या चुकीसाठी लोकांना पायरीवरून हाकललं, ती करायला त्यांना एवढासा कंटाळा पुरला.

"काय दिसते?" गोवर्धनने विचारलं.

"पाहा लागन," देवराव म्हणाले. "नवं नख घासाले वेळ लागन. मंगळवारी या. तवाच सांगतो."

"मंगळवारी पुन्हा यावं लागन काय?" गोवर्धनने आपल्या पायाकडे पाहिलं. मग मान हलवली. "येतो. तुमी सांगसान ते पक्कं सांगसान."

तो गेल्यावर देवरावांनी दुकान बंद केलं नाही. समोरची बारा बोर पुरी केली, दुसरी घेतली. हात चालत होते, पण जीव दमून गेला होता. म्हाताऱ्या बैलाने जू काढल्यावरही मान खालीच ठेवावी, तसे ते घरी गेले.

ललिताबाई खाटेवर पडल्या होत्या. दवाखान्याच्या दिवशी त्यांच्यात बोलायचंही त्राण नसे. देवरावांनी खिचडी टाकली आणि चुलीकडे तोंड करूनच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी तू दवाखान्यात होती. पहिलीच वेळ. माहं चित्त थाऱ्यावर नव्हतं."

बाईंनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माह्यावर नका टाकू."

"तुह्यावर कुठी टाकून राहिलो?"

"टाकूनच राहिले. मी बिमार हाय, म्हणून तुमाले लोक दया करतीन. पण ठोसा मी नाई मारला." त्यांनी कूस बदलली. "अन् खिचडीत मीठ टाका, काल नव्हतं."

रविवारी देवराव अकोल्याला गेले. कशाला, तर गोवर्धनच्या मुलाला भेटायला. मुलाने बोल्ट नेमका कसा ठोकला हे विचारायचं आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट लाजिरवाणी होती. मुलानेही ठोकला असेल तर तडा दोघांत वाटला जाईल, आपल्या वाट्याला अर्धा येईल, अशी त्यांना आशा होती. सत्तरीला टेकलेला माणूस अर्ध्या पापासाठी अडीच तास बसचे धक्के खात गेला.

स्वप्निल एका डाळमिलच्या ऑफिसात कामाला होता. मिल चालू होती. तो फाटकाबाहेर आला, देवरावांच्या पाया पडला आणि त्यांना समोरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेला. सव्वीस वर्षांचा पोरगा, लग्न तोंडावर आलेलं, पण चेहऱ्यावर त्याची काही खूण नव्हती.

"बाबाची तब्येत कशी हाय काकाजी?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"चालतात कुबडीनं. तू मले एक सांग. काडतूस नळीत टाकून तू बोल्ट किती जोरात मारला होता?"

स्वप्निलने इकडेतिकडे पाहिलं. "तुमी बाबाले सांगसान."

"नाई सांगत."

"मी त्या रायफलीले हात बी नाई लावला कधी."

देवरावांनी चहा खाली ठेवला.

"दवाखान्यात बाबा एकच बोले," स्वप्निल सांगू लागला. "तीस वर्षं भरून राहिलो अन् शेवटी माहाच हात चुकला. घाईत नळीत टाकलं असन म्हणे, मले आठवत नाई, पण माहाच हात असन. जेवे नाई. पट्टी बदलाले आले तर म्हणे, राहू द्या, काय करता आता. आई रडे. चार दिवस पोटात अन्न नाई. मंग मी म्हटलं, बाबा, मी भरली होती, मले माफ करा." तो थोडा हसला. "असे चिडले का विचारू नका. खाटेवरून ग्लास फेकून मारला. पण त्या रात्री दोन पोळ्या खाल्ल्या त्यायनं. मले वाटलं, घरी आल्यावर राग उतरन. नाई उतरला."

मग देवरावांनी आपलं सांगितलं. ठोसा, आवाज, लाल रेघ, 'ठीक' लिहिलेली चिठ्ठी. सांगताना त्यांनी दवाखान्याचं नाव काढलं नाही. स्वप्निल ऐकत राहिला. तो ओरडेल, कॉलर धरेल, अशी देवरावांची तयारी होती, आणि तसं झालं असतं तर बरंच झालं असतं.

"नका सांगू बाबाले," तो शेवटी म्हणाला.

"काहून?"

"मी लेक हाय. माह्यावर दोन वर्षं चिडतीन, नातू झाला का बोलतीन. पण तुमच्यावर त्यायचा लय भरोसा हाय. घरात काही झालं का म्हणतात, देवरावभाऊवानी माणूस पाहिजे, चूक म्हणजे चूक. तेबी गेलं तर त्यायच्याजवळ काय उरते? तुमी एवढंच सांगा का एका वेळनं तुटत नाई, लोखंड जुनं होतं. सगळ्यायचं भागते."

देवरावांना सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय याची त्यांना लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून सुटका काही कमी गोड लागली नाही. परतीच्या बसमध्ये त्यांना चक्क झोप लागली.

मंगळवारी गोवर्धन बाराच्या सुमारास आला. नवं नख बसवून तयार होतं. देवरावांनी ठोकळा, स्प्रिंग, पेटी सगळं जोडून, बिनदारूचं एक काडतूस अंगठ्याने दाबून त्याच्यासमोर बोल्ट चालवून दाखवला. काडतूस खालून आलं, नखात बसलं, आत गेलं, बाहेर पडलं. त्यांनी तीन वेळा करून दाखवलं. तिसऱ्या वेळची खरं तर गरज नव्हती, बोलणं तेवढंच लांबलं.

"मंग बोला," गोवर्धन म्हणाला.

"एका वेळनं तुटत नाई भाऊ," देवराव म्हणाले. "लोखंड जुनं होतं. पोराची चूक नाई. जा लग्नाले."

गोवर्धनने मान डोलावली. देवरावांना वाटलं, आता याचा चेहरा खुलेल. पण तो खुलला नाही. गोवर्धनने उजवा हात टेबलावर ठेवला आणि आपल्या अंगठ्याकडे बघत बसला.

"मले पहिलेच वाटलं होतं," तो म्हणाला. "पोराच्या अंगावर टाकलं अन् मोकळा झालो. माहाच हात चुकला त्या दिवशी. पहाटची वेळ, डुक्कर समोर, म्यानच टाकलं असन नळीत. नाई तर जुनं लोखंड त्याच दिवशी कसं तुटन? तीस वर्षं नाई तुटलं, त्या दिवशीच तुटलं? पोरगं बापासाठी खोटं बोललं अन् मी त्याले घरातून काढलं." त्याचा आवाज अगदी साधा होता, भाव विचारावा तसा. "जाईन लग्नाले. पण आता शेतात काही राहिलं नाई माहं. असा हात घेऊन कशाले हात लावू?"

देवराव उभे होते ते खाली बसले. स्वप्निलने दिलेली युक्ती चोख होती, तिच्यात एकच माणूस हिशेबात धरलेला नव्हता. पोराची सुटका झाली, देवरावांची झाली, आणि सगळं ओझं पुन्हा जाऊन त्याच एका अंगठ्यावर बसलं. चार दिवस न जेवलेला माणूस त्यांना समोर दिसत होता.

"तुमचा हात नाई चुकला," ते म्हणाले.

"राहू द्या भाऊ. समजूत नका काढू."

"समजूत नाई काढून राहिलो." त्यांनी ड्रॉवरमधून तुटलेलं नख काढलं, भिंग काढलं आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. "तळाशी पाहा. लाल दिसते?"

गोवर्धनला ते दिसायला वेळ लागला. "दिसते."

"ते माहं पॉलिश. डिसेंबरातलं. म्हणजे तडा तवाच होता." इथपर्यंत आल्यावर पुढचं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं, ते गेलं नाही. "मी टाकलं होतं काडतूस नळीत. पेटी जोडाचा कंटाळा आला म्हणून. बोल्ट अडला तर वरून ठोसा मारला. आवाज बी ऐकला. भिंग हे अथीच होतं, उचललं नाई. ठीक म्हणून लिहून देल्लं. तुमी बरोबरच भरली होती त्या दिवशी. पोरानं कधी हातच नाई लावला. तुमचा पाय माह्यापायी गेला भाऊ, अन् आता बी मी तुमाले खोटं सांगून लावून देत होतो."

पंखा फिरत होता. गोवर्धनने नख भिंगाखाली पुन्हा धरलं, जणू तिथे आणखी काही लिहिलेलं असावं.

"पोराले माहीत हाय?"

"रविवारी सांगतलं. तो म्हणे, बाबाले सांगू नका."

"काहून?"

"तुमचा माह्यावरचा भरोसा जाईन म्हणून."

गोवर्धनने भिंग खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही. "दोन महिने," तो म्हणाला. "त्याचा फोन ये, मी कापून टाको. त्याची माय बाहेर ओसरीत जाऊन बोले त्याच्याशी, चोरून."

देवराव हात जोडू शकले असते. जोडले नाहीत. हात जोडले की समोरच्याला काहीतरी म्हणावं लागतं, आणि या माणसाकडून तेवढंही मागायचा आपल्याला हक्क नाही, हे त्यांना कळत होतं.

"तुमाले मी काही बोलत नाई," गोवर्धन म्हणाला. "बोलाले लागलो तर थांबता येणार नाई. पण या दुकानात मी पुन्हा पाय नाई ठेवणार."

"नका ठेवू."

"रायफल राहू द्या अथीच. विका, जमा करा, काय कागद लागतीन ते पोस्टानं पाठवजा. सही करून देतो."

तो उठू लागला. कुबडी घसरली. देवरावांनी हात पुढे केला. गोवर्धनने त्या हाताकडे पाहिलं, टेबलाची कड धरली आणि स्वतःच उठला. दारापर्यंत गेला. पायऱ्यांशी थांबून, पाठमोराच म्हणाला, "अकोल्याची गाडी किती वाजता हाय?"

देवरावांनी घड्याळ पाहिलं. रविवारी त्याच गाडीची वेळ त्यांनी विचारून ठेवली होती. "एकची हाय. घाई केली तर भेटन," ते म्हणाले.

कुणाला घाई करायला सांगितली, हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. गोवर्धनने मागे वळून पाहिलं नाही. तो पहिल्या पायरीवर आधी कुबडी, मग चांगला पाय, मग हाताने धरून दुसरा पाय, असा उतरला. मग दुसरी पायरी. मग तिसरी. देवराव दारात उभे राहून पाहत होते, आणि तो रस्ता ओलांडून दिसेनासा होईपर्यंत त्यांना आत जाता आलं नाही.